मोकळा ठेवलेला हात

माझी मुलगी जन्मली तेव्हा मी जागी होते. हे मी सांगितलं की ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण बाळंत होताना बाई जागीच असते. पण माझं सिझर झालं होतं. मला पूर्ण भूल दिलेली होती. तोंडात नळी होती, डोळ्यांवर चिकटपट्ट्या होत्या, आणि आजूबाजूच्या सगळ्यांच्या मते मी गाढ झोपलेले होते.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. माझे मिस्टर एका कारखान्यात फिटर होते आणि मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवत होते. कळा सुरू होऊन बराच वेळ झाला तरी बाळ खाली सरकेना, तेव्हा मला उल्हासनगरच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. बाळाचे ठोके मंदावलेत असं तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं आणि लगेच टेबलावर घेतलं. काळ्या रबराचा वास आला, दंडात काहीतरी गार शिरलं आणि मी गेले.

मग मला आवाज ऐकू आले. आधी वाटलं, संपलं वाटतं सगळं, आता वॉर्डात नेताहेत. ट्रेमध्ये लोखंडाची हत्यारं आपटल्याचा आवाज होता, वरती पंखा कुरकुरत होता. मी डोळे उघडायला गेले तर उघडेनात. हाक मारायला गेले तर घशात काहीतरी अडकलेलं, आणि श्वास माझा मी घेतच नव्हते. कोणीतरी माझ्यात हवा भरत होतं आणि काढून घेत होतं. तेवढ्यात पोटावर कापल्याची जाणीव झाली. ती वेदना कशी होती ते सांगायचा मी खूपदा प्रयत्न केलाय आणि दर वेळी शब्द कमी पडलेत. जळत्या तारेने रेघ ओढावी तसं. मी माझी सगळी ताकद उजव्या पायाच्या अंगठ्यात गोळा केली. एवढा एक अंगठा हलला तरी यांना कळेल, असं वाटत होतं. तो हलला नाही. मग मनात आलं की आपण मेलो आहोत, आणि मेलेल्या माणसाला सगळं समजतं हे जिवंत माणसांना माहीत नसतं.

डोक्याशी दोन बायका बोलत होत्या. एक म्हणत होती, "नणंद की सगाई में पिस्ता कलर का ही चाहिए, मैंने बोल दिया." दुसरी म्हणाली, "फिर मेन रोड पे मत ले, पीछे की गली में जा, वहाँ भाव करते हैं." त्या साड्यांबद्दल बोलत होत्या आणि मी खाली जळत होते. मग पोटातून काहीतरी ओढून काढल्यासारखं झालं, आणि बाळ रडलं. "लडकी है," पुरुषाचा आवाज आला. त्यानंतर दंडात परत काहीतरी गार आलं आणि सगळं काळं झालं.

शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "ताई, भुलीत अशी स्वप्नं पडतात. बऱ्याच जणींना पडतात." मग संध्याकाळी पट्टी बघायला सिस्टर आली, तिला मी विचारलं, "पिस्ता रंगाची साडी मिळाली का?" ती हातातली कात्री धरून तशीच उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, मग चादरीची सुरकुती सरळ केली आणि निघून गेली. मी घरी जाईपर्यंत ती माझ्या खाटेपाशी परत फिरकली नाही. दुसरी सिस्टर येत राहिली.

घरी मिस्टरांना सांगितलं. ते थोडं ऐकून घेत, मग मधेच म्हणत, "अगं, झालं ते झालं. पोरीकडे बघ." आई जांभूळ गावाहून आली होती. ती माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "सपान असंल बाय. इसर आता. पोरगी कशी गोंडस हाय बघ." पोरगी खरंच गोंडस होती. पण ती रडली की मला त्या पंख्याची कुरकुर ऐकू यायची. बाळंतपणाचा थकवा आहे, असं सगळे म्हणाले.

तो थकवा गेला, भीती राहिली. मी पाठीवर झोपणं सोडलं. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी मी पायाची बोटं हलवून बघायची. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी लावायची नाही. दाढ किडली तर लवंग धरून दिवस काढायचे, पण दातांच्या डॉक्टरकडे जायचं नाही. दुसऱ्या मुलाचा विषय निघाला की मी उठून स्वयंपाकघरात जायची. सासूबाईंनी सुरुवातीला बरंच सुनावलं, नंतर त्याही थांबल्या.

त्या काळी मुलांमध्ये स्टॅच्यूचा खेळ फार चालायचा. कोणीही कोणालाही "स्टॅच्यू!" म्हणायचं आणि त्याने आहे तसं थिजून उभं राहायचं, "ओव्हर" म्हणेपर्यंत. शाळेच्या पटांगणात मुलं तसं खेळायला लागली की मी स्टाफरूममध्ये जाऊन बसायची. एकदा घरी मी दूध उतरवत होते आणि मुलगी मागून येऊन ओरडली, "आई, स्टॅच्यू!" ती पहिली-दुसरीत असेल. मी खरोखरच थिजले. खेळ म्हणून नाही. मला हलताच येईना. पातेलं हातातून सुटलं, दूध ओट्यावरून खाली सांडलं, पायावर पडलं, आणि तरी मी उभीच. मुलगी घाबरून "ओव्हर, आई, ओव्हर!" असं किंचाळत माझा पदर ओढत होती. पाय भाजला होता. पण त्यापेक्षा तिचं ते तोंड मला जास्त लागलं.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात माझ्या पोटात दुखायला लागलं. जेवण झाल्यावर उजव्या कुशीत कळ यायची आणि खांद्यापर्यंत चढायची. मी ओवा खाल्ला, सोडा प्यायले. मग एके दिवशी मिस्टर म्हणाले, "तुझे डोळे पिवळे दिसताहेत." कावीळ निघाली. सोनोग्राफी केली तर पित्ताशयात खडे होते, त्यातला एखादा नळीत उतरून अडकला असावा. सुदैवाने तो आपोआप सुटला आणि कावीळ उतरली. उल्हासनगरचे सर्जन सिंधी होते, मोकळ्या स्वभावाचे, मराठी समजायचे पण बोलायचे हिंदीत. म्हणाले, "बाई, ये थैली निकालनी पडेगी. अगली बार पथरी अटक गई तो मुश्किल हो जाएगा."

मी विचारलं, "कमरेत इंजेक्शन देऊन करता येईल का? मला झोपवू नका."

"ऊपर का पेट है. पूरा बेहोश करना पडेगा."

"मग नको," मी म्हटलं आणि उठले. मिस्टर माझ्यामागून जिना उतरत होते, काहीतरी समजावत होते. मला फक्त पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

काही महिने मी उकडलेलं खाऊन काढले. मग एका सकाळी वर्गात, फळ्यावर भागाकार मांडत असताना कळ आली. मी खडूसकट खाली बसले. मुलं आधी हसली, त्यांना वाटलं बाई काहीतरी गंमत करताहेत. मग गप्प झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी रिक्षा बोलावली. त्या कळेतून उठले तेव्हा मला दोन्हीकडून भीती होती: टेबलावर जायची, आणि न जाण्याची.

सर्जननी या वेळी मला जबरदस्ती केली नाही. म्हणाले, "आप एक बार हमारी मॅडम से बात कर लो. भूल वही देती हैं. उसके बाद जो बोलोगे."

मॅडम बदलापूरला राहायच्या. स्वतःचं हॉस्पिटल नव्हतं. कायनेटिक स्कूटरवर पुढे मोठी बॅग ठेवून त्या बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर अशा फिरायच्या. ज्या नर्सिंग होममध्ये ऑपरेशन असेल तिथे जाऊन भूल द्यायच्या. वयाने माझ्याहून लहान. केस घट्ट बांधलेले, मनगटावर मोठ्या तबकडीचं पुरुषी घड्याळ. त्यांनी मिस्टरांना बाहेर बसायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही शाळेत शिकवता ना? मग नीट क्रमाने सांगा. मागच्या वेळी काय झालं?"

मी सांगितलं. कात्र्या, पंखा, साडी, अंगठा, सगळं. इतक्या वर्षांत हे कोणी मधे न तोडता ऐकलं नव्हतं. सांगून झाल्यावर मी वाट बघत राहिले, त्या आता स्वप्न म्हणणार. त्या म्हणाल्या, "तुम्ही जाग्या होता."

मला रडूच फुटलं. त्यांनी रडू दिलं.

"हे होतं," त्या म्हणाल्या. "नेहमी नाही, पण होतं. बाळ पोटात असताना झोपेचा गॅस जास्त दिला तर बाळही पेंगतं. ते बाहेर आल्यावर रडत नाही. म्हणून बाळ निघेपर्यंत गॅस हात राखून देतात. आणि पोट सैल पडावं म्हणून वेगळं औषध देतात, त्याने माणूस बोटसुद्धा हलवू शकत नाही. तुमची झोप पातळ होती आणि शरीर बांधलेलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला कसं कळणार?"

"म्हणजे गॅस कमी पडला."

"हो."

"मग या वेळी भरपूर द्या," मी म्हटलं. "हात जोडते. वाटेल तेवढा द्या."

त्यांनी माझे रक्ताचे रिपोर्ट चाळले, मिटले. मग म्हणाल्या, "बाई, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. या वेळीही मी गॅस कमीच देणार आहे."

पुढचं त्या काय बोलल्या ते मला सलग आठवत नाही. आमच्याकडे जो गॅस आहे तो लिव्हरला जड जातो, तुम्हाला नुकतीच कावीळ होऊन गेलीय, बीपी मुळातच कमी आहे, गॅसने ते आणखी उतरतं, असं काहीतरी. मी दाराकडे बघत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऐका. गॅस कमी, पण झोप कमी नाही. झोपेचं औषध मी शिरेतून देणार आहे, सलाईनसारखं, थेंब थेंब, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदाच टोचून सोडून द्यायचं नाही. ड्रिप चालू असली की गॅस थोडासा पुरतो. झोपेचं बरंचसं ओझं ड्रिप उचलते, उरलेलं गॅस."

"आणि ती ड्रिप कमी पडली तर? मला हलता येणार नाही. तुम्हाला कळणार कसं?"

मला वाटलं, इथे त्या अडकतील. त्यांनी माझा उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. "हा हात मी बांधणार नाही. म्हणजे त्या औषधाने बांधणार नाही. ते औषध रक्तातून जातं. ते द्यायच्या आधी मी या दंडाला बीपीचा पट्टा आवळते, म्हणजे ते इथवर पोचत नाही. बाकी अंग पांगळं, पण हा हात तुमचाच राहील. जास्त वेळ आवळून ठेवता येत नाही, हाताला रक्त लागतं. मधे सैल करीन, औषध परत द्यायचं झालं की परत आवळीन. आणि मी तुमच्या हातात माझी बोटं देऊन बसेन. मधून मधून कानाशी विचारीन. ऐकू आलं, तर दाबा."

मी हात मागे घेतला. "तुम्ही सगळ्यांना असं करता?"

"नाही. वाचलंय त्याबद्दल, आणि थोड्या जणांना केलंय. तुमच्यासाठी करीन."

मी घरी आले. दोन्ही गोष्टी डोक्यात भांडत होत्या. एक बाई माझ्यावर विश्वास ठेवते, आणि तीच बाई मला कमी गॅस देणार म्हणते. मिस्टर म्हणाले, "मला त्यातलं कळत नाही. पण ती बाई तुला घाबरलेली बघून हसली नाही, एवढं मी बाहेरून बघितलं." ते आपणहून एवढं क्वचितच बोलायचे. मी हो म्हटलं ते त्यावर.

ऑपरेशनच्या सकाळी माझं अंग इतकं थरथरत होतं की स्ट्रेचर वाजत होता. आई पुन्हा जांभूळहून आली होती. ती कोपऱ्यात उभी राहून ओठांतल्या ओठांत बुद्धाचं त्रिशरण म्हणत होती. मुलगी आता मोठी झाली होती, शाळेच्या गणवेशातच आली होती. तिने माझा चष्मा आपल्याकडे घेतला आणि माझ्या केसात तोंड घालून म्हणाली, "मी इथेच आहे." तिच्यासमोर मला रडायचं नव्हतं. मी मान वळवली.

आत पंखा होता, पण कुरकुरत नव्हता. टेबल गार होतं. मॅडम माझ्या डोक्याशी आल्या, तोंडावर मास्क, वर फक्त डोळे. डाव्या हाताला सुई लावली. बाटलीतलं औषध दुधासारखं पांढरं होतं. मी असं सलाईन कधी बघितलं नव्हतं. "हे तेच का?" मी विचारलं.

"हेच. इथे मशीन नाही, मी बोटाने थेंब कमीजास्त करणार आहे. माझं लक्ष दुसरीकडे कुठे नसेल."

उजव्या दंडाला पट्टा गुंडाळला. अजून फुगवला नव्हता. त्यांनी आपली बोटं माझ्या तळहातात ठेवली. "दाबून दाखवा." मी इतक्या जोरात दाबली की त्या "अगं आई" म्हणाल्या आणि सिस्टर हसली. मला हसू आलं नाही. मी म्हणत होते, "मॅडम, मी झोपले नाहीये, मी अजून झोपले नाहीये, सुरू करू नका." पांढरा थेंब नळीतून खाली सरकला. हात जळजळला. मला वाटलं, पुन्हा तीच आग.

आणि मग मिस्टर दिसले. मधलं काही नाही. ते पलंगाशी उभे होते आणि उन्हाची तिरीप भिंतीवर होती. घसा खवखवत होता, पोट दुखत होतं, पण ते दुखणं साधं होतं, ऑपरेशननंतर दुखतं तसं. मी पायाची बोटं हलवली. हलली. मग मनात शोधलं: कात्री, आवाज, कोणाचं बोलणं. काहीच नव्हतं. मी परत शोधलं. भीती इतकी सवयीची झाली होती की ती सापडली नाही तेव्हा आपलं काही हरवलंय असं वाटलं.

दोन दिवसांनी मॅडम भेटायला आल्या. खरं तर त्यांना यायची गरज नव्हती, त्यांचं काम झालेलं होतं. खुर्ची ओढून बसल्या. "काही आठवतं?"

"काही नाही," मी आनंदाने म्हटलं. "अगदी काही नाही."

"मग मी सांगू की नको, असा विचार करत आले," त्या म्हणाल्या. "पण तुमच्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरलंय आपलं."

माझं हसू तसंच राहिलं.

"सुरुवातीचं सगळं ठीक होतं. मी विचारत होते, हात ढिला होता. मग सर्जन आत खोल गेले, पोट आवळायला लागलं. ते म्हणाले, गॅस बढाओ. मी नाही म्हटलं, बीपी बघा कुठे आलंय. पट्टा आवळून पोट सैल करायचं औषध परत दिलं. आणि तुमच्या कानाशी वाकून विचारलं, बाई, ऐकू येत असेल तर माझी बोटं दाबा." त्या थांबल्या. "तुम्ही दाबली."

वॉर्डात कोणीतरी स्टीलचा डबा उघडत होतं.

"चुकून असेल," मी म्हटलं. "हात आखडला असेल."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून परत विचारलं. तुम्ही परत दाबली. झोपायच्या आधी दाबली होती तशी, जोरात. मी त्याच क्षणी ड्रिप मोकळी सोडली. आणि विचारलं, दुखत असेल तर आणखी एकदा दाबा. तेव्हा दाबलं नाही. त्यानंतर शेवटपर्यंत हात ढिला."

"म्हणजे दुखत नव्हतं."

"बहुतेक नसावं. पण तोवर ड्रिप अंगात चढायला लागली होती. दुखत नव्हतं म्हणून दाबलं नाही, की झोप लागली म्हणून, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही." त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. दंडावर पट्ट्याचा निळसर वळ होता. "हे औषध आठवण पुसतं. तुम्ही थोडा वेळ वर आला होता, तेवढं खरं. मी लगेच खाली नेलं."

पोटातले टाके ओढत होते. मी विचार करत होते त्या बाईचा, जिने बोटं दाबली. ती मीच होते. तिला पंखा ऐकू आला असेल का? ती घाबरली असेल का? ती घाबरली असेल, हे मला नक्की ठाऊक होतं, कारण मी तिला ओळखत होते. पण तिची भीती माझ्याकडे पोचली नव्हती. पहिल्या वेळी सगळं माझ्याजवळ होतं आणि ते खरं मानणारा कोणी नव्हता. या वेळी मॅडम साक्षीला होत्या, सिस्टर होती, सर्जन होते, आणि माझ्याजवळच काही नव्हतं.

"तुम्ही सांगितलं नसतं तर बरं झालं असतं," मी शेवटी म्हटलं.

"कदाचित," त्या म्हणाल्या. "पण उद्या दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनला तुम्ही गेलात तर तिथल्या भूल देणाऱ्याला सांगा. तुम्हाला झोपेचं औषध जरा जास्त लागतं."

त्या गेल्यावर मला राग आला, मग खूप वेळ भीती वाटली, आणि मग झोप लागली. पाठीवर. टाक्यांमुळे कुशीवर वळता येत नव्हतं, हे खरं कारण. तरी लागली.

घरी आल्यावर मी मुलीला सगळं सांगितलं, तिच्या जन्मापासूनचं. आम्ही दोघी गॅलरीत कोथिंबीर निवडत होतो. ती बराच वेळ देठं मोडत राहिली. मग विचारलं, "म्हणजे मी रडले ते तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"बाकी सगळ्यांच्या आया सिझरमध्ये झोपलेल्या असतात," ती म्हणाली. "त्यांना नाही ऐकू येत." तिने हे असं म्हटलं की जणू तिच्या वाट्याला काहीतरी जास्तीचं आलंय. मला ते तसं कधीच वाटलं नव्हतं, आणि तिला वाटलं म्हणून माझं दुखणं काही गोड झालं नाही. पण मी तिला थांबवलं नाही.

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत मॅडमचा निरोप आला. बदलापूरच्या एका नर्सिंग होममध्ये एक बाई आहे, बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. पोटात गाठ आहे, भुलीला तयार होत नाही. तिची जाऊ अशाच ऑपरेशनला गेली ती परत आली नाही. "तुम्ही येऊन बसाल का तिच्याजवळ? मी डॉक्टर आहे, माझं ती ऐकत नाही."

मी जाणार नव्हते. त्या वासाच्या जवळसुद्धा मला जायचं नव्हतं. मिस्टर म्हणाले, नको जाऊस, तुझी तब्येत बघ. आणि त्यांनी असं म्हटल्यावर मी चपला घातल्या.

ती बाई माझ्याच वयाची असेल, कदाचित लहानही. डोंगरातल्या कष्टाने वयाचा अंदाज येत नव्हता. खाटेवर उकिडवी बसली होती, लुगडं घट्ट ओढून. नवरा पायरीवर बसलेला. मी शेजारी बसले. मला वाटलं होतं मी धीर देईन, पण तोंड उघडलं आणि खरं तेच बाहेर आलं. म्हटलं, "मलाही फार भीती वाटली. आत्तासुद्धा वाटतेय."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. "मंग गेलीस कशाला?"

"पोटातलं दुखणं थांबेना."

तिने मान हलवली. हे तिला पटलं. मग विचारलं, "आत गेल्यावर मानूस कुटं जातो?"

"मला माहीत नाही, बाई. माझं अर्धंच मला ठाऊक आहे." आणि मी तिला हाताची गोष्ट सांगितली, पट्टा, बोटं, सगळं, मी दाबलं आणि मला आठवत नाही तेही. तिच्या अंगावर काटा आलेला मला दिसला. मॅडम दारात उभ्या होत्या, त्यांना वाटलं असेल मी सगळं बिघडवलं. पण ती बाई म्हणाली, "ती बोटं देऊन बसनार आसंल, तर जाते. पर तिनं उठायचं नाय."

"नाही उठणार," मॅडम म्हणाल्या.

स्ट्रेचर आत गेला. तिचा नवरा आणि मी बाहेर. मी बसूच शकले नाही. खिडकीजवळ जायचं, परत यायचं. दाराच्या फटीतून तो रबराचा वास आला तेव्हा मी भिंत धरली. नवऱ्याने विचारलं, "तुमची कोन लागते?" मी म्हटलं, "कोणी नाही." तो पायरीवर थोडा सरकला, मला जागा करून दिली. मी बसले.

दुपार उतरायला लागली तेव्हा दार उघडलं. तिला बाहेर आणलं तेव्हा ती पिवळट, सुजलेल्या चेहऱ्याने पडली होती, ओठ कोरडे. मॅडम तिच्या मागून आल्या, हाताची बोटं ताठ झाल्यासारखी चोळत. मला म्हणाल्या, "एकदाही दाबलं नाही."

ती बाई थोड्या वेळाने कण्हली, डोळे किलकिले केले, नवऱ्याला शोधलं. मग तिला उलटी झाली. वॉर्डातल्या मावशीने भांडं धरलं, मी तिचे केस मागे धरले. तोंड पुसून तिने माझ्याकडे बघितलं. मी कोण ते तिला आठवत नव्हतं, हे सरळ दिसत होतं. तिने नवऱ्याला विचारलं, "कवा नेनार हाय मला आत?"

"जाऊन आलीस," तो म्हणाला.

तिने लुगड्याखाली हात घालून पोटावरची पट्टी चाचपली, आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला.